गाठ आत गेली, पण धोका गेला का?

वाचकाचं पत्र:

डॉक्टर, माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. त्यांना उजव्या जांघेत सहा-सात वर्षांपासून हर्निया आहे. आडवं झालं की आपोआप आत जायचा, म्हणून त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी रात्री खोकल्याची उबळ आली आणि गाठ बाहेर येऊन दगडासारखी झाली. दोन तासांत आम्ही इस्पितळात पोचलो. तिथे इंजेक्शन देऊन, पायांकडची बाजू उंच करून डॉक्टरांनी ती हळूहळू आत बसवली. एक रात्र ठेवून घेतलं आणि ‘लवकर ऑपरेशन करून घ्या’ असं सांगून घरी सोडलं. आता एक सर्जन म्हणतात, उघडून जाळी बसवू. दुसरे म्हणतात, दुर्बिणीतून करू. काका म्हणतात, जाळी नकोच, शरीरात परकी वस्तू कशाला? आणि बाबा म्हणतात, गेलं ना आत, मग आता चिरफाड कशाला? त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. नक्की कुठलं ऑपरेशन चांगलं?

ता. क. आईलाही जांघेत सुपारीएवढी गाठ आहे. दुखत नाही, पण आतही जात नाही. तिचं म्हणणं, बाबांचं होऊ दे, माझं नंतर बघू.

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ तुम्ही ता. क. मध्ये टाकली आहे, म्हणून आधी आईंबद्दल बोलतो.

पोटाच्या भिंतीतल्या छिद्रातून आतड्यासारखा आतला भाग पातळ आवरणाच्या पिशवीसकट बाहेर डोकावतो, तो हर्निया. जांघेत त्याच्या वाटा दोन. जांघेच्या घडीच्या वर जो येतो तो इंग्वायनल. बाबांचा बहुधा हाच. घडीच्या खाली, मांडीच्या सुरुवातीला जो डोकावतो तो फिमोरल. फिमोरल एकूणात कमी आढळतो, पण बायकांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं, आणि तो बाहेर येतो ते छिद्र फार वाईट घडणीचं आहे. पुढे ताठ अस्थिबंध, मागे हाड, आतल्या बाजूला धारदार कडा. ताणायला जागा नाही. त्यामुळे गाठ लहान राहते, फारशी दुखत नाही, माणूस दुर्लक्ष करतो, आणि एक दिवस तीच लहान गाठ आतड्याचा गळा आवळते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिशोब मांडला होता: हर्निया दिसू लागल्यापासून तीन महिन्यांत आवळला जाण्याची शक्यता इंग्वायनलमध्ये सुमारे २.८ टक्के, तर फिमोरलमध्ये २२ टक्के. एकवीस महिन्यांपर्यंत फिमोरलचा आकडा ४५ टक्क्यांवर जातो.

आईंची गाठ हर्नियाच आहे असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. तिथे लसिकाग्रंथी सुजली तरी अशीच गाठ लागते. सर्जनचा हात आणि एक सोनोग्राफी एवढ्यावर बहुतेक वेळा उलगडा होतो. पण ती फिमोरल निघाली, तर ‘नंतर बघू’ हा पर्याय उरत नाही. बाबांना घेऊन जाल त्याच दिवशी आईंनाही दाखवा.

आता बाबा. इतकी वर्षं त्यांनी ऑपरेशन केलं नाही म्हणून घरात त्यांना बोलणी बसत असतील, तर थांबवा. त्यांचं फार चुकलं नव्हतं. ज्या पुरुषांना इंग्वायनल हर्निया आहे पण त्रास जवळजवळ नाही, त्यांनी नुसतं लक्ष ठेवून थांबलं तर काय होतं, याचा एक मोठा अभ्यास २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. हजार माणसं वर्षभर थांबली तर त्यांतल्या दोघांहून कमी जणांचा हर्निया अचानक अडकला. म्हणजे थांबणं सुरक्षित होतं. हां, त्याच माणसांचा दहा वर्षं मागोवा घेतल्यावर तिघांतल्या दोघांनी अखेर ऑपरेशन करून घेतलेलं आढळलं, सर्वांत जास्त वेळा दुखू लागलं म्हणून.

पण हा सगळा हिशोब कधीच न अडकलेल्या हर्नियाचा. बाबांचा अडकून गेला आहे. छिद्र तेवढंच आहे, पिशवी तिथेच आहे, खोकलाही असेल. आत गेलं ते आतडं. हर्निया कुठेही गेलेला नाही.

त्या रात्री नेमकं काय झालं असेल, ते समजलं तर बाबांनाही पटेल. खोकल्याच्या जोराने आतड्याचं वेटोळं छिद्रातून बाहेर आलं आणि पिशवीची मान, म्हणजे छिद्रापाशी ती अरुंद होते तो भाग, आवळली गेली. शिरांच्या भिंती पातळ असतात, दाबाखाली त्या आधी मिटतात. धमनीतून रक्त येत राहतं, पण परत जायला वाट नाही. वेटोळं सुजतं, सुजल्यामुळे आणखी आवळलं जातं, आणि शेवटी धमनीही बंद होते. इथपर्यंत आलं की नुसत्या ‘अडकलेल्या’ हर्नियाचा ‘गळा आवळलेला’ हर्निया होतो. आतडं साधारण सहा तास तग धरतं अशी जुनी शिकवण आहे. घड्याळ लावून बसावं इतका तो आकडा पक्का नाही, पण घाई का करायची ते त्यातून कळतं. तुम्ही दोन तासांत पोचलात. म्हणूनच तिथल्या डॉक्टरांना हाताने बसवून बघण्याची संधी मिळाली.

हाताने बसवण्याचा तो प्रकार म्हणजे टॅक्सिस. वेदना शमवून, स्नायू सैल पडू देऊन, मानेकडच्या भागावर हळुवार आणि सतत दाब द्यायचा. कातडी लाल झाली असेल, ताप असेल, पोट कडक लागत असेल तर तो करायचाच नाही, कारण मेलेलं आतडं पोटात ढकललं तर आत विष पसरतं. तो घरी करण्याचा प्रकारही नाही, हे बाबांना स्पष्ट सांगा. जोर लावला की कधीकधी पिशवी आवळणाऱ्या मानेसकट आत सरकते. बाहेरून गाठ गेलेली दिसते, आत फास तसाच असतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या माणसाने तीन दिवस उलट्या अंगावर काढल्या, कारण ‘गाठ तर नाही आता’.

टॅक्सिस यशस्वी झालं की मधे थोडी उसंत मिळते. तेवढ्यात सूज उतरते, हृदयाच्या तपासण्या होतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा निर्णय होतो. पुष्कळ सर्जन त्याच भरतीत, एक-दोन दिवस थांबून ऑपरेशन उरकतात. तुमचे तीन आठवडे गेलेत. पुढच्या काही दिवसांतली तारीख घ्या, पुढच्या ऋतूतली नको.

आता ‘कुठलं ऑपरेशन?’ याकडे येतो. आज ठरवून केलं तर निवड तुमच्या हातात आहे. पुन्हा अडकल्यावर रात्री दोनला केलं तर निवड आतड्याच्या हातात. अडकलेल्या हर्नियाचा बेत टेबलावरच ठरतो, आणि तो कसा ठरतो ते जरा जवळून दाखवतो.

जांघेत तिरका छेद घेतला की ताणलेली, निळसर पिशवी दिसते. ती उघडताच आधी पाणी येतं. स्वच्छ पिवळसर आलं तर सगळेच जरा मोकळे होतात. काळपट, वास मारणारं आलं तर भूलतज्ज्ञ न सांगताच ओळखतात की आता वेळ लागणार. मग वेटोळं बोटांत नीट धरून ठेवायचं आणि त्यानंतर आवळणारी कडा कापायची. हा क्रम महत्त्वाचा. मी शिकाऊ असताना एकदा उलटं केलं. कडा आधी सैल झाली आणि वेटोळं सुळकन पोटात पळालं. ते जिवंत होतं की मेलेलं, कळायला मार्ग नाही. माझे वरिष्ठ एक शब्द बोलले नाहीत. हात धुऊन आले आणि समोर उभे राहिले. पोट उघडून आतडं हात-हात चाळत ते वेटोळं शोधावं लागलं. गुलाबी निघालं. पण त्या माणसाला एका छेदाऐवजी दोन पडले, ते माझ्यामुळे. आज अशा वेळी त्याच पिशवीच्या तोंडातून दुर्बीण आत सोडून बघता येतं, पोट उघडावं लागेलच असं नाही.

वेटोळं हातात राहिलं तर पहिल्यांदा ते जांभळं, निस्तेज दिसतं. कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात ते गुंडाळायचं, भूलतज्ज्ञांना ऑक्सिजन वाढवायला सांगायचं, आणि थांबायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ऑपरेशन थिएटरमध्ये काहीच न करण्याची ही वेळ फार लांब वाटते. कापड उलगडलं की बघायचं: रंग परतला का, चकाकी आली का, टिचकी मारल्यावर गांडूळ सरकल्यासारखी लाट जाते का, आतड्याला रक्त पुरवणाऱ्या पडद्यात नाडी लागते का. हल्ली शिरेतून हिरवा रंग देऊन खास कॅमेऱ्याखाली रक्त कुठपर्यंत पोचतं तेही बघता येतं. परतलं तर आत ठेवायचं. नाही परतलं तर मेलेला तुकडा कापून दोन्ही टोकं जोडायची. एक दगाबाज प्रकारही आहे: आतड्याची फक्त एक कड चिमटीत सापडल्यासारखी अडकते. वाट बंद नसते, शौचाला होत राहतं, उलट्या नसतात, आणि ती कड मात्र सडत असते. याला रिश्टर हर्निया म्हणतात आणि तो फिमोरलमध्ये जास्त सापडतो. आईंच्या बाबतीत घाई करा म्हणण्याचं हे आणखी एक कारण.

पिशवीत दर वेळी आतडंच असतं असंही नाही. बहुतेकदा नुसती पोटातली चरबी असते, कधी अंडाशय, कधी अपेंडिक्स. १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अमियांड यांनी ११ वर्षांच्या एका मुलाचा हर्निया उघडला, तर आत टाचणीने भोसकलेलं अपेंडिक्स निघालं. त्यांनी ते काढलं आणि मुलगा जगला. अपेंडिक्स काढल्याची ही पहिली यशस्वी नोंद मानतात, आणि ती भूल येण्याआधी शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची आहे. त्या मुलाचा विचार केला की मला आजच्या रुग्णांच्या तक्रारी फार सौम्य वाटतात. असो.

काकांचा जाळीचा प्रश्न मात्र रास्त आहे. आधी जाळी, म्हणजे छिद्रावर लावायचं कृत्रिम धाग्यांचं ठिगळ, नव्हतीच. १८८०च्या दशकात इटलीत एदोआर्दो बासिनी यांनी स्नायू आणि अस्थिबंध एकमेकांना शिवून छिद्र बुजवण्याची रीत बसवली आणि शंभर वर्षं जगभर तीच चालली. अडचण एवढीच की ओढून जवळ आणलेल्या दोन कडा सतत एकमेकींपासून दूर जायला बघतात. टाके दुखतात, आणि काहींचा हर्निया परत येतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत लिकटेन्स्टाईन या सर्जननी ताण न देता वर जाळीचं ठिगळ लावायला सुरुवात केली आणि परत येण्याचं प्रमाण घसरलं. २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही जांघेच्या हर्नियासाठी जाळीच सुचवतात. जाळी नकोच असेल तर शोल्डाईस पद्धत सगळ्यांत चांगली, असं त्याच सूचना म्हणतात. त्यात स्नायूंचे थर एकावर एक दुमडून शिवतात. आपल्या डॉ. मोहन देसर्डांची पद्धतही बिनजाळीची आहे. तीत रुग्णाच्याच पोटाच्या स्नायूची मजबूत पट्टी वळवून मागची भिंत बांधतात. दोन्ही चांगल्या, अट एकच, करणाऱ्याचा त्यात हात बसलेला हवा. वर्षातून दोनदा शोल्डाईस करणाऱ्याकडून ते करून घेण्यापेक्षा रोज जाळी बसवणाऱ्याकडून जाळी बसवून घेतलेली बरी. माझं स्वतःचं मत विचाराल तर ६८ वर्षांच्या, खोकला असणाऱ्या माणसाला मी जाळीच बसवेन.

अडकलेल्या हर्नियात जाळी चालत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. आज ते सरसकट खरं नाही. आतडं जिवंत असेल तर जाळी बसवतात. तुकडा कापावा लागला पण आतली घाण बाहेर सांडली नाही, तरीही बसवता येते, हे आता मान्य झालं आहे. पू असेल, आतडं फुटलं असेल, तर मात्र कृत्रिम जाळी दूर ठेवून टाक्यांनी काम भागवायचं आणि पुढे हर्निया परत आला तर तेव्हा बघायचं. त्या वेळी जीव वाचवणं हे काम असतं, भिंत बांधणं नव्हे. म्हणून ‘जाळी नकोच’ किंवा ‘जाळीच हवी’ असं लिहून देऊन सर्जनचे हात बांधू नका.

उघडून की दुर्बिणीतून? तुमचे दोन्ही सर्जन बरोबर असू शकतात. दुर्बिणीचं मोठं सुख म्हणजे आतून सगळी छिद्रं दिसतात: इंग्वायनल, फिमोरल, आणि पोटाच्या पोकळीतून गेलं तर पलीकडच्या बाजूचीही. एका बाजूची इंग्वायनल आणि फिमोरल छिद्रं एकच जाळी झाकते. अडकलेल्या हर्नियात पोटाच्या पोकळीतून जाणारी टॅप पद्धत उपयोगी, कारण आतडं डोळ्यांनी बघता येतं. टेप पद्धतीत पोकळीत न शिरता भिंतीच्या थरांमधून काम करतात, त्यामुळे आतडं दिसत नाही. दुर्बिणीनंतर दुखणं कमी आणि माणूस लवकर कामाला लागतो. पण तिला बहुधा पूर्ण भूल लागते, आणि शिकायला वेळ लागतो. पन्नास ते शंभर ऑपरेशनं झाल्यावर हात बसतो असं मानतात. पोट फुगलेलं असेल तर आत कॅमेरा फिरवायलाच जागा नसते. उघडून केलेलं ऑपरेशन तेवढ्या भागापुरत्या भुलीतही होतं, आणि हृदयाचा त्रास असणाऱ्याला हा मोठाच आधार आहे.

बाबांची गोळी कुठली, हे तुम्ही लिहिलं नाही. अ‍ॅस्पिरिन असेल तर बहुधा फारसं अडत नाही. रक्त गोठू न देणारी दुसरी एखादी असेल, किंवा हृदयात स्टेंट असेल, तर ती कधी थांबवायची आणि कधी परत सुरू करायची हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं. तुम्ही किंवा बाबांनी मनाने बंद करू नका. हृदय बेताचं असेल तर मी उघडून, जागच्या भुलीत करण्याकडे झुकेन. ठणठणीत असेल आणि दुसऱ्या सर्जनचा दुर्बिणीत हात बसला असेल तर तेही उत्तम. आईंची गाठ फिमोरल निघाली तर मात्र दुर्बिणीचं पारडं जड आहे. बायकांसाठी तीच सुचवतात, हाताशी अनुभवी माणूस असला तर. नसला तर घडीच्या खालून किंवा वरून छोट्या छेदातूनही ते काम नीट होतं.

दोन्ही सर्जनांना हेच दोन प्रश्न विचारा: ‘तुम्ही अशी किती करता, आणि मधेच बेत बदलावा लागला तर काय कराल?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शांतपणे देणारा माणूस निवडा. संमतीपत्रात आतड्याचा तुकडा काढावा लागेल, क्वचित त्या बाजूचं वृषण काढावं लागेल, अशा ओळी असतात. पुरुषमाणूस तिथे हमखास पेन खाली ठेवतो. ठरवून केलेल्या ऑपरेशनात हे फार विरळा घडतं, पण त्या ओळी त्यांना आधीच घरी वाचून दाखवा.

ऑपरेशनआधी खोकल्याचा बंदोबस्त करा, शौचाला जोर करावा लागत असेल तर त्याचाही. रात्री लघवीला वारंवार उठावं लागतं का, तेही सांगा. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी भुलीनंतर अडू शकते. नंतर त्याच दिवशी उठून चालायचं. तीन महिने काही उचलायचं नाही हा जुना धाक आता राहिलेला नाही. साध्या ऑपरेशननंतर दुखत नसेल ते सगळं तीन ते पाच दिवसांत हळूहळू सुरू करता येतं. आतडं कापून जोडलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे इस्पितळातच काही दिवस जातात. छेदाजवळ थोडं बधीर वाटेल, थोडं पाणी साचून फुगवटा येईल. ‘हर्निया परत आला’ म्हणून घाबरू नका, सर्जनना दाखवा. साधारण दहातल्या एकाला काही महिन्यांनंतरही दुखणं राहतं, बहुतेकांना सौम्य. ही गोष्ट आधी सांगणारा सर्जन तुम्हाला घाबरवत नसतो.

कमरेचा पट्टा बाबांनी तुम्हाला न विचारता आणला असेलच. त्याने हर्निया बरा होत नाही, आणि गाठ बाहेर असताना तो आवळला तर उलटा घात होतो.

तारखेपर्यंत जर गाठ पुन्हा बाहेर आली आणि झोपूनही आत जाईना, दुखू लागली, घट्ट झाली, उलटी झाली किंवा वायू सरेना, तर शेक, मालीश, दाबून बघणं यातलं काही करू नका. बाबांना पाणीसुद्धा पाजू नका, कारण भूल द्यावी लागेल. गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या आणि थेट सर्जन असलेल्या इस्पितळात जा. निघताना गाठ कधी अडकली ती वेळ कागदावर लिहून घ्या. दारातच पहिला प्रश्न येईल: ‘किती वाजल्यापासून?’